पुढचा ब्रेक

"ब्रेकच लागला नाही," बाबा फोनवर एवढंच म्हणाले. बाकीचं आईकडून कळलं. आष्टीहून चामोर्शीला परत येताना पुढचा ट्रक अचानक हळू झाला. बाबांनी ब्रेक दाबला, गाडी थांबेना, म्हणून त्यांनी ती डावीकडे मुरमात उतरवली आणि दोघं गाडीसकट आडवे झाले. वेग फार नव्हता. आईचं कोपर सोलवटलं, डावा इंडिकेटर तुटला, बाबांना खरचटलंसुद्धा नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दोन पोरांनी गाडी उचलून दिली. ही गोष्ट ऑक्टोबरातली. मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी राहून हे ऐकत होते, आणि आईला लागलंय याची काळजी वाटायच्या आधी माझ्या मनात आलं : लागला नाही म्हणजे नेमकं काय झालं? लिव्हर पोकळ गेला, की कडक राहिला?

हा प्रश्न मी तेव्हाच विचारलाही. आईनं फोन ठेवून दिला.

डिसेंबरात दोन आठवडे घरून काम करायची परवानगी काढली आणि गावी आले. बॅगेत कपड्यांपेक्षा सामान जास्त : ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या, कॅलिपरच्या रबरी सीलचा किट, मास्टर सिलेंडरचा किट, पुढच्या पॅडची जोडी, मागचे लायनर, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, तांब्याचे वायसर. हे सगळं गोळा करायला महिना गेला. जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत असं नाही, पण नागपुरातलं एक दुकान आणि पुण्यातली दोन, अशी तीन दुकानं मिळून एक ब्रेक पूर्ण होतो.

गाडी म्हणजे हिरो होंडाची करिझ्मा. २००६ साली घेतलेली, एमएच-३३. जाहिरातीत ती हृतिक रोशन चालवायचा, चामोर्शीत चालवायचे जिल्हा परिषद शाळेचे विज्ञानाचे सर. तेव्हा बाबा ४२ वर्षांचे होते आणि त्या पैशांत जवळपास दोन साध्या गाड्या आल्या असत्या, हे आई अजून सांगते. पण बाबांना लांब जायचं असायचं. उन्हाळ्याची सुटी लागली की टाकी फुल करून ते निघत. हेमलकसा, सिरोंचा, चिखलदरा, एकदा जगदलपूरवरून चित्रकोटचा धबधबा. काही वेळा मागे आई, काही वेळा मी. २२३ सीसीचं इंजिन, दीडशे किलोच्या आसपास वजन, पुढे २७६ मिलिमीटरची डिस्क, मागे १३० मिलिमीटरचा ड्रम. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. पुढे हिरो आणि होंडा वेगळे झाले, त्या नावाची कंपनीच उरली नाही. टाकीवरची अक्षरं मात्र बाबा दर रविवारी पुसत राहिले.

गाडी मीही तिच्यावरच शिकले. पाय जेमतेम टेकायचे. पहिल्या दिवशी बाबांनी मला गिअर शिकवला नाही, ब्रेक शिकवला. शाळेच्या मैदानात गाडी वीसच्या वेगाने न्यायची आणि खडूच्या रेघेवर थांबवायची. आमच्याकडे सगळे सांगतात की पुढचा ब्रेक मारू नको, गाडी उलटते. बाबा म्हणायचे, उलटते ती घाबरून एकदम आवळल्यामुळे. थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवायची ताकद पुढेच असते. मागचं चाक हलकं होतं, त्याला जास्त दाबलं तर ते नुसतं घसरतं. "पुढचा सत्तर, मागचा तीस. आणि पुढचा पिळायचा, हाणायचा नाही. लिंबासारखा." या गाडीला एबीएस नाही. ते १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे चाक घसरेल की नाही हे इथे बोटांनीच ठरवायचं असतं.

आमच्या भागात घाट नाही. धानाच्या बांध्या, मधे जंगलाचा पट्टा, पुन्हा बांध्या. ब्रेक कमी झाला तरी वर्ष-वर्ष कळत नाही, कारण जोरात थांबायची वेळच येत नाही. म्हशी आडव्या येतात, त्या लांबून दिसतात. आता ते बदललंय. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आल्लापल्ली, आष्टी करत या रस्त्याला लागतात, आणि त्यांच्या मागून जाताना दर पाच मिनिटांनी ब्रेकची परीक्षा असते. रस्त्याकडेच्या पळसाची पानंसुद्धा लाल दिसतात. ती लाल धूळ म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, धातू घासून चकचकीत करायला वापरतात तीच जात. ती डिस्क आणि पॅडच्या मधे जाते, ड्रमच्या आत साचते, रबराच्या टोप्यांखाली शिरते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सांदवाडीत इंजिनखाली सागाचा ठोकळा लावून पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं. पॅड डिस्कला धरून बसले होते. लिव्हर दाबला, तर दगड.

माझ्या जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. लिव्हर पोकळ लागला, स्पंजासारखा आत गेला, तर नळीत हवा आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, आणि बोटांचा जोर तिथेच संपतो. पण लिव्हर कडक, गाडी थांबत नाही आणि चाकही मोकळं फिरत नाही, असं तिन्ही असेल तर कॅलिपरमधले पिस्टन अडकलेले असतात. बोटं ढकलतात, पिस्टन हलत नाही. जो थोडा हलतो तो परत येत नाही.

मोठा पाना आणि व्हाइस मागायला मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री बंगाली. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलं होतं. त्यांची नातवंडं आता माझ्यापेक्षा अस्सल इथली बोली बोलतात. "पुढचे पॅड दोनदा टाकले मी," ते म्हणाले. "पण सरले पुढचा लागतच नाही. सर मागचाच मारतेत. तीन साल झाले, दर साली मागचे लायनर संपवतेत." मग माझ्या पिशवीत डोकावून म्हणाले, "हे पेट्रोलनं धुजो."

पेट्रोलनं धुवायचं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. पाना देत होते ते. पण खरंच धुवायचं नाही. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेलं असतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल लागलं की ते फुगतं, आणि फुगलेलं सील पिस्टनला सोडत नाही. कित्येक गाड्यांचा ब्रेक दुरुस्तीनंतर महिन्याभरात पुन्हा धरतो तो या धुण्यामुळे. स्पिरिट चालतं, साबणाचं पाणी चालतं (मग पूर्ण वाळवून), आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ताजं ब्रेक ऑइल.

ब्रेक ऑइल हे खरं तर ऑइल नाहीच. ते ग्लायकॉलच्या जातीचं असतं आणि हवेतलं पाणी पितं. मुद्दाम तसं आहे. पाणी शिरणारच असेल, तर एका जागी थेंब होऊन लोखंड गंजवण्यापेक्षा ते सगळीकडे विरघळलेलं बरं. पण त्याची किंमत असते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांवर उकळतं, ३.७ टक्के पाणी प्यायल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, लिव्हर पोकळ जातो, तेही नेमका सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा. आई, बाबा आणि गाडी मिळून २८० किलो धरा. ताशी ६० वरून एकदा पूर्ण थांबायचं म्हणजे जवळजवळ ३९ हजार ज्यूल उष्णता. एक कप चहाचं पाणी उकळेल एवढी. ती सगळी पॅड आणि डिस्कमध्ये जाते. पाच मिनिटांत पाच वेळा थांबलात की पाच कप. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. आमच्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा आत काढा होता. नवं ऑइल पातळ मधाच्या रंगाचं असतं.

कॅलिपर उतरवला. तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम, तिची रबरी टोपी फाटलेली. पिस्टन दोन, एक जरा जिवंत, दुसरा मेलेला. मिस्त्री असता तर कॉम्प्रेसरची हवा मारून काढला असता. त्यात पिस्टन बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि समोर बोट असेल तर बोट जातं. मी हलणाऱ्या पिस्टनला लाकडी पट्टी आणि क्लॅम्प लावून अडवलं आणि ब्रेकचाच लिव्हर सावकाश दाबत राहिले. दाब कुठेतरी जाणारच. विसाव्या की तिसाव्या दाबाला कुरकुर आवाज करत तो मेलेला पिस्टन अर्धा मिलिमीटर पुढे आला. मी सांदवाडीत एकटीच ओरडले. आई पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली.

आत पाहिलं तर कारण साधं होतं. पिस्टनभोवती एक चौकोनी काठाचं रबरी कडं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि हे कडं त्याच्याबरोबर किंचित पिळवटतं; सोडला की ते पूर्ववत होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्क ब्रेकला परत येण्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. हे कडंच स्प्रिंग. ते ज्या खाचेत बसतं तिच्यात पांढरट खर जमली होती, त्यामुळे कडं वर उचललं गेलं होतं आणि त्यानं पिस्टनला आवळून धरलं होतं. खाच साफ करायला लोखंडी टोचा घेतला तर ओरखडे पडतात. मी खराट्याच्या काड्या वापरल्या. दोन संध्याकाळी गेल्या. दिवसा लॅपटॉपवर पगाराचं काम, पाच वाजले की काड्या.

मागचं चाक खोललं तेव्हा ड्रममधली लाल-काळी धूळ ओल्या फडक्यानं पुसली. फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मिस्त्री म्हणाले ते खरंच होतं : लायनर पातळ पत्र्यासारखे झाले होते. मी मनातल्या मनात दुवा जोडला. पुढचा ब्रेक अडकला, म्हणून बाबा मागचा वापरू लागले, म्हणून लायनर झिजले, म्हणून ऑक्टोबरात गाडी थांबली नाही. सुबक साखळी. माझ्या कामात अशी साखळी सापडली की आम्ही तिकीट बंद करतो.

उरलं होतं ते हवा काढायचं. सगळं नव्यानं जोडल्यावर नळीत हवाच भरलेली असते. कॅलिपरवर आठच्या पान्याचं एक निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवायचं. एकानं लिव्हर तीन-चारदा दाबून दाबून धरायचा, दुसऱ्यानं निपल पाव फेरा उघडायचं. बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येतं, लिव्हर हँडलला टेकतो. तो टेकलेला असतानाच निपल बंद करायचं. मगच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर हवा परत आत.

हे एकटीला करता येतं, मला माहीत होतं. पण मला बाबा हवे होते. सगळी लहानपणं मी त्यांना पाने काढून देण्यात घालवली होती. आता मी खाली बसणार, ते वर.

"दाबा. धरा."

"धरला."

मी उघडलं, बुडबुडे आले, बंद केलं. "सोडा." ऑइल टाकीत भरलं. पुन्हा. दहा वेळा झालं, पंधरा वेळा झालं. बुडबुडे थांबेनात. लिव्हर पोकळच.

मी निपलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावली. वरच्या बोल्टचे तांब्याचे वायसर पुन्हा बदलले. मास्टर सिलेंडर खोलून त्यातलं सुईच्या टोकाएवढं परतीचं भोक तपासलं, ते बुजलं तरी अनेक गोंधळ होतात, मोकळं होतं. नवा किट नकली असावा अशी शंका घेतली, नागपूरच्या दुकानदाराला मेसेज टाकला, तोही चिडून. पुन्हा बसलो. पुन्हा बुडबुडे.

आमच्या ऑफिसात काही कोसळलं की नंतर एक बैठक होते, आणि तिचा पहिला नियम असा की कारण म्हणून "माणसाची चूक" असं लिहायचं नाही. माणूस चुकला तर त्याला चुकू देणारी यंत्रणा शोधायची. नियम चांगला आहे, तो मला मनापासून पटतो. पण त्याची सवय इतकी लागलीय की मी वायसर, आटे, किट, भोक सगळं बघितलं, फक्त वर बघितलं नाही.

वर बघितलं ते चहा आला म्हणून. आई कप घेऊन उभी होती आणि बाबांकडे बघत होती. बाबांनी लिव्हर दोन्ही हातांनी धरला होता. उजव्या हाताची बोटं लिव्हरवर, त्यावर डावा हात झाकणासारखा. तरी मी निपल उघडल्यावर लिव्हर आत जायचा तेव्हा त्यांची पकड सुटत होती, अर्धा सेकंद आधी. तेवढ्यात हवा परत जात होती. दर वेळी. आणि दर वेळी ते "धरला" म्हणत होते.

मी काही बोलले नाही. त्यांनीही नाही. चहा घेतला. त्यांनी कप डाव्या हातात घेतला, हेही मी तेव्हाच पाहिलं.

आईनं रात्री सांगितलं. रात्री दोन वाजता उठून हात झटकतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. शाळेतल्या शेवटच्या वर्षी फळ्यावरचं अक्षर बिघडलं होतं, खडू सुटायचा. ते म्हणायचे खडू खराब येतात. निवृत्त झाले २०२२ मध्ये. मिस्त्रींचे "तीन साल" माझ्या डोक्यात येऊन बसले, आणि माझी सुबक साखळी उलटी फिरली. पुढचा ब्रेक अडकला म्हणून बाबांनी तो वापरणं सोडलं नव्हतं. हात दाबेनासा झाला म्हणून त्यांनी सोडला, आणि वापरात नसलेला ब्रेक अडकला. पिस्टन रोज थोडे पुढेमागे झाले तर खर जमत नाही. महिनोन्‌महिने एका जागी बसले की जमते. मग लिव्हर खरोखरच कडक झाला, आणि बाबांना सांगायला खरं कारण मिळालं. मिस्त्रींनी पॅड बदलले तरी तो कडकच राहिला, म्हणजे कारण आणखी पक्कं झालं. मी मात्र दोन संध्याकाळी खराट्याच्या काड्यांनी ते कारण कोरून काढलं होतं.

मला थोडा वेळ वाटून गेलं, नसता केला तर बरं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. ऑइल सिरिंजमध्ये भरून खालच्या निपलमधून सावकाश वर ढकललं. हवेला वर जायला आवडतंच, ती टाकीतून बुडबुडत निघून जाते. वरचं ऑइल सांडू नये म्हणून तेवढं काढत राहायचं, कारण ते रंग खातं. कुणी लिव्हर धरायची गरज नाही. दोन सिरिंज आणि एक नळी हा बाबांचा सातवी-आठवीचा जुना प्रयोग. छोटी दाबली की मोठी उचलली जाते, पास्कलचा नियम. मुलांना ते सांगायचे, छोटीला जास्त अंतर चालावं लागतं म्हणून मोठीत जोर येतो, फुकट काही मिळत नाही. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बघत होते. "माझाच प्रयोग," म्हणाले. रात्री लिव्हर हँडलला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून ठेवला. चिकटून राहिलेले बारीक बुडबुडे त्यानं वर येतात. सकाळी ब्रेक असा लागला की पट्टी काढून मी नुसताच दाबत बसले. दोन बोटांत चाक खिळायचं.

मग मी बॅग मोजायचा काटा आणला, विमानप्रवासासाठी घेतलेला, हुकवाला. लिव्हरच्या टोकाला अडकवून ओढला. चाक पक्कं धरायला दहा किलोच्या आसपास लागत होते. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे. पण आकडा हातात आला की मला बरं वाटतं, हा माझा आजार.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

"काय?"

"काटा. परीक्षा माझीच घ्यायची आहे ना? मग घे. लपून काऊन घेतेस?"

हुक खिडकीच्या गजाला अडकवला. मनगट टेबलावर टेकवून पट्टा चार बोटांनी ओढायचा, असं त्यांनीच ठरवलं, म्हणजे खांद्याचा जोर येणार नाही. डावा हात : एकवीस. उजवा : आठ. पुन्हा घेतला : साडेसात. त्यांनी तिसऱ्यांदा घेतला नाही. ते विज्ञानाचे मास्तर, एका मोजणीवर विश्वास ठेवू नये हे मला त्यांनीच शिकवलंय. पण तिसऱ्यांदा घेतला नाही.

"ऑक्टोबरात ब्रेक खरंच लागला नव्हता," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"हो बाबा. पिस्टन अडकलेलाच होता. मी पाहिला ना."

हे खरं होतं. दोघांनाही ते उरलेलं अर्धं खरं माहीत होतं, आणि आई आत कोपराला तेल लावत होती.

नागपूरला नेलं. हाताच्या नसांची तपासणी झाली, सुया आणि छोटे झटके. मनगटातून हाताकडे जाणारी नस बोगद्यासारख्या जागेत दबलेली आहे, अंगठा आणि शेजारची अडीच बोटं तिच्या ताब्यात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा डॉक्टरांनी दोन्ही हातांचा शेजारी शेजारी दाखवला. उजवा सपाट झाला होता. इतकी वर्षं तो हात मी पाहतेय. शस्त्रक्रिया छोटी असते म्हणाले, पण नस बरीच वर्षं दबलेली आहे, ताकद किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला : महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला गाडीनं जाता येईल का. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. बाबा हसले नाहीत. चामोर्शीत आल्यापासून, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून, एकही जत्रा त्यांनी चुकवलेली नाही.

ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीतली मिळाली. तोवर गाडी चालवायची नाही असं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येणार नाही. परतीच्या प्रवासात ब्रह्मपुरी मागे पडल्यावर कधीतरी बाबाच म्हणाले, किल्ली आईकडे दे. पण गाडी नुसती उभी राहिली तर पिस्टन पुन्हा धरतील. म्हणून मी सांगितलं की रोज सकाळी लिव्हर वीस वेळा दाबायचा आणि गाडी अंगणात हातभर पुढेमागे करायची. उजव्याच हातानं दाबायचा का, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलं होतं. दुखेल इतका जोर नको, म्हणाले.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी गाडीची चाचणी घ्यायची होती. नवे पॅड डिस्कशी जुळायला थोडं अंतर चालवावं लागतं, मधून मधून मध्यम जोरानं थांबवत. मी हेल्मेट घालून गाडी बाहेर काढली, तर बाबा फाटकापाशी दुसरं हेल्मेट घालून उभे. डाव्या हातानं पट्टा लावून झालेला होता. एकोणीस वर्षांत ते या गाडीवर मागे बसलेले मी पाहिले नव्हते.

मार्कंड्याच्या रस्त्याला लागलो. धान कापून झालेलं, शेतात तणसाचे ढीग. वैनगंगा इथे वळून उत्तरेला वाहते म्हणून इथलं देऊळ, हे बाबा दर वेळी सांगतात. त्या दिवशी सांगितलं नाही. मी चाळीसवर नेऊन ब्रेक लावायची, पुन्हा चाळीस, पुन्हा ब्रेक. पुढचा सत्तर, मागचा तीस. लिंबासारखा. दर वेळी मी लिव्हर पिळायला सुरुवात करायच्या क्षणभर आधीच गाडी उजव्या अंगाला किंचित दबायची. तीन-चारदा झाल्यावर कळलं. बाबांचा उजवा पाय मागच्या फूटरेस्टवर दाबला जात होता.

देवळाकडच्या वळणावर बकऱ्या आल्या. मी थांबवली. गाडी सरळ रेषेत, आवाज न करता थांबली. बकऱ्या जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो.

"मागचा जरा जास्त मारलास," बाबा म्हणाले.